पाणी, वीज आणि अग्निबाण: एका हिशेबाचा इतिहास

पाण्यावर चालणाऱ्या गाडीची बातमी दर चार-दोन वर्षांनी कुठून ना कुठून येतेच. कुणी मोटारसायकलच्या टाकीत पाणी ओततो, कुणी डब्यात दोन पत्रे बुडवून बुडबुडे काढून दाखवतो, आणि पेट्रोलच्या भावाने कावलेला समाज क्षणभर त्यावर विश्वास ठेवतो. अमेरिकेत स्टॅन्ली मायर नावाच्या गृहस्थाने अशा गाडीवर पैसा उभा केला, आणि १९९६ मध्ये ओहायोतील न्यायालयाने तो उघड फसवणुकीचा प्रकार ठरवला. तरीही स्वप्न मरत नाही. ते फार जुने आहे, आणि आपल्या खानदेशाचा त्याच्याशी एक दूरचा का होईना, संबंध आहे.

चाळीसगावजवळच्या पाटण येथील देवळात शके ११२८ चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने तेथे मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आढळते. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी या लेखाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. ज्या ‘सिद्धान्तशिरोमणी’चे पठन त्या मठात होत असावे, त्याच ग्रंथाच्या यंत्राध्यायात एका चाकाचे वर्णन आहे. त्याचे पोकळ आरे अर्धे पाऱ्याने भरून तोंडे बंद करावीत, म्हणजे ते चाक आपोआप फिरत राहते, असे आचार्य सांगतात. असे चाक फिरत नाही, हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक असते. आचार्यांना दोष देण्याचे कारण नाही. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मांडला जायला त्यानंतर सात शतके जावी लागली. पण काहीही न देता गती मिळवावी ही माणसाची जी आस त्या चाकात आहे, तीच आजच्या पाण्याच्या गाडीतही आहे.

याच पाण्याचा इंधनासारखा उपयोग करणारे एक तंत्र मात्र खरे आहे. अंतराळयानात पाणी भरून न्यायचे, तेथे सूर्यप्रकाशापासून वीज मिळवायची, त्या विजेने पाण्याचे विद्युत्-अपघटन करून हायड्रोजन व ऑक्सिजन वेगळे करायचे आणि ते पुन्हा एकमेकांत जाळून यानाला ढकल द्यायची, असे हे तंत्र. ऐकायला ते मायरच्या गाडीसारखेच वाटते. दोन्हींत फरक आहे तो प्रामाणिक हिशेबाचा. या लेखात आम्हाला त्या हिशेबाचा इतिहास पाहायचा आहे. आणि तो पाहताना नंदुरबार जिल्ह्यातील एका लहानशा गावापाशी थांबावे लागणार आहे.

पाणी ही राख आहे

लाकूड जळाले की राख उरते, तसा हायड्रोजन जळाला की पाणी उरते. हे कळायला अठराव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. हेन्री कॅव्हेंडिशने १७६६ मध्ये ‘ज्वालाग्राही हवा’ वेगळी ओळखली, आणि पुढे ती जाळल्यावर शुद्ध पाणी तयार होते हे दाखवले. लव्हाझिएने १७८३ मध्ये त्या निष्कर्षाचा अर्थ लावला आणि पाणी हे मूलद्रव्य नव्हे हे ठासून सांगितले. पंचमहाभूतांपैकी एक आणि ग्रीकांच्या चार तत्त्वांपैकीही एक, असे दोन्ही संस्कृतींनी अभंग मानलेले पाणी त्या वर्षी भंगले, असे म्हणावयास हरकत नाही.

ते विजेने भंगले १८०० मध्ये. त्या वर्षीच्या मार्चमध्ये व्होल्टाने आपल्या विद्युत्-स्तंभाची हकीकत लंडनला पत्राने कळवली, आणि मे महिन्यात विल्यम निकल्सन व अँथनी कार्लाइल या दोघांनी तसाच स्तंभ उभा करून त्याच्या तारा पाण्यात सोडल्या. एका तारेशी हायड्रोजनचे बुडबुडे आले, दुसरीशी ऑक्सिजनचे. १८३४ मध्ये फॅरडेने या क्रियेचे नियम मांडले: जितकी वीज तितके विघटन, ना अधिक ना उणे. १८३९ पासून विल्यम ग्रोव्हने उलटी क्रिया करून दाखवली. दोन्ही वायू एकत्र आणून त्याने पाणी आणि वीज मिळवली. आज ज्याला इंधनघट म्हणतात त्याचा हा पूर्वज.

अशा प्रकारे पाऊणशे वर्षांच्या आत वर्तुळ पूर्ण झाले. पाणी मोडता येते आणि जोडता येते. मोडताना ऊर्जा द्यावी लागते, जोडताना ती परत मिळते, आणि परत मिळालेली ऊर्जा दिलेल्या ऊर्जेपेक्षा कधीही जास्त नसते. ज्यूल व्हर्नने १८७४ च्या ‘गूढ बेट’ या कादंबरीत पाणी हा भविष्यातील कोळसा आहे असे एका पात्राकडून वदवले, ते फार गाजले. पण पाण्याला कोळसा म्हणणे म्हणजे राखेला लाकूड म्हणणे होय. राखेचे पुन्हा लाकूड करायला कुठून तरी ऊन आणावे लागते.

किती ऊन? एक लिटर पाणी फोडायला, कोणतीही गळती नाही असे मानले तरी, विजेची सुमारे ४.४ युनिटे लागतात. प्रत्यक्षात सहाच्या आसपास. हा आकडा कोरडा वाटेल म्हणून तो नदीच्या भाषेत मांडू. दहा मीटर उंचीवरून पडणारे एक लिटर पाणी अवघी ९८ ज्यूल ऊर्जा देते. म्हणजे पडणाऱ्या पाण्याच्या शक्तीने एक लिटर पाणी फोडायचे, तर सुमारे एक लाख साठ हजार लिटर पाणी दहा मीटर खाली पडले पाहिजे, आणि तेही वाटेत कुठे काही वाया न जाता. धबधब्याचा गडगडाट आणि पाण्याच्या रेणूतील बंधाची मुकी ताकद यांच्यातील हे अंतर आहे.

विसाव्या शतकात हे अंतर भरून काढले ते मोठ्या धबधब्यांनी आणि मोठ्या धरणांनी. नॉर्वेतील व्हेमॉर्क येथे कड्यावरून पडणाऱ्या पाण्याची वीज पाणी फोडण्यासाठी वापरली जाई आणि मिळालेला हायड्रोजन खतासाठी जाई. १९३० च्या दशकात त्याच कारखान्यातून जड पाणी निघू लागले. आपल्याकडे हेच नांगलला झाले. भाक्रा-नांगलच्या विजेवर तेथे पाण्याचे अपघटन करून खतासाठी हायड्रोजन काढला जाऊ लागला, आणि १९६२ मध्ये देशातील पहिला जड पाण्याचा कारखाना तेथेच सुरू झाला. पडलेल्या पाण्याने उरलेले पाणी फोडावे, अशी ही योजना. तिच्या मागे गोविंदसागराच्या जलाशयात जुने बिलासपूर शहर बुडाले होते, हेही त्याच ताळेबंदातले एक कलम आहे. ते बहुधा दुसऱ्या पानावर लिहिले जाते.

अंतराळात पाणी कशाला न्यायचे?

अग्निबाणासाठी द्रवरूप हायड्रोजन व द्रवरूप ऑक्सिजन ही जोडी उत्तम, हे रशियातील शाळामास्तर कॉन्स्टॅन्टिन त्सिओल्कोव्स्की याने १९०३ च्या आपल्या निबंधात सांगून ठेवले होते. हायड्रोजन प्रथम द्रवरूप झाला तो १८९८ मध्ये, जेम्स ड्युअरच्या हातून. म्हणजे हा मास्तर जेमतेम पाच वर्षांपूर्वी अस्तित्वात आलेल्या द्रवावर भविष्य रचत होता. प्रत्यक्ष यश मिळायला साठ वर्षे गेली. नोव्हेंबर १९६३ मध्ये अमेरिकेच्या ‘सेंटॉर’ या टप्प्याने या जोडीवर पहिले यशस्वी उड्डाण केले. भारताला हे तंत्र स्वतःच्या बळावर साधले ते ५ जानेवारी २०१४ रोजी, जीएसएलव्ही-डी५ च्या उड्डाणात. विक्रोळीच्या गोदरेजच्या कारखान्यात या इंजिनांचे भाग घडतात, एवढा मराठी मुलखाचा त्यात हात आहे.

पण द्रवरूप हायड्रोजन उणे २५३ अंशाला उकळतो. जमिनीवरून निघून काही मिनिटांत किंवा तासांत जळून जायचे असेल तर ठीक. वर्षानुवर्षे कक्षेत राहणाऱ्या उपग्रहाने तो सांभाळायचा कसा? तो उडून जातो. म्हणून उपग्रहांनी दुसरा रस्ता धरला, हायड्राझीनचा. हे द्रव्य साध्या तापमानाला द्रव राहते, उत्प्रेरकाशी आले की पेटवावे न लागता फुटते, आणि खात्रीने काम करते. मात्र ते अतिशय विषारी आहे. ते भरणाऱ्या तंत्रज्ञांना डोक्यापासून पायापर्यंत बंद पोशाख घालावा लागतो, आणि भोवतालचा परिसर मोकळा करावा लागतो.

येथे पाणी पुढे येते. ते विषारी नाही, पेटत नाही, दाबाखाली ठेवावे लागत नाही. आणि एक गोष्ट अशी की जी प्रथम वाचल्यावर आम्हालाही पुन्हा गणित करून पाहावीशी वाटली: एक लिटर द्रवरूप हायड्रोजनमध्ये सुमारे ७१ ग्रॅम हायड्रोजन असतो, तर एक लिटर साध्या पाण्यात १११ ग्रॅम. हायड्रोजन साठवण्याचे एक अतिशय आटोपशीर भांडे म्हणजे पाणी. उणे २५३ अंशांची कसरत करून माणूस जे साधतो, ते निसर्गाने हंड्यात भरून ठेवलेले आहे.

यानावरची व्यवस्था सांगायला सोपी आहे. टाकीत पाणी, पंखांवरच्या सौरपट्ट्यांतून वीज, त्या विजेवर चालणारा अपघटन-घट, ज्यात दोन विद्युत्-अग्रांमध्ये एक पातळ पटल असते. दोन्ही वायू आपापल्या कोठीत साठत जातात आणि दाब आपोआप वाढतो, म्हणून पंपाची गरज उरत नाही. पुरेसा वायू जमला की झडप उघडते, ठिणगी पडते, क्षणभर ज्योत होते, यान किंचित ढकलले जाते. मग पुन्हा साठवण. हे इंजिन अखंड गर्जत नाही. ठिबक सिंचनासारखे थेंबाथेंबाने काम करते.

अडचणीही तशाच. वजनरहित अवस्थेत बुडबुडा वर जात नाही, कारण ‘वर’ असे काही नसतेच. तो अग्रालाच चिकटून बसतो. त्यासाठी पटल वापरावे, किंवा सबंध यानच स्वतःभोवती फिरवावे म्हणजे पाणी बाहेरच्या अंगाला आणि वायू आतल्या अंगाला राहतात; ही दुसरी युक्ती अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाने आपल्या छोट्या यानांसाठी योजली होती. दुसरी अडचण प्रमाणाची. पाणी फोडले की हायड्रोजन एक भाग आणि ऑक्सिजन वजनाने आठ भाग मिळतो. मोठ्या इंजिनांत हे प्रमाण एकास पाच-सहा एवढेच ठेवतात, कारण एकास आठ या प्रमाणात ज्वाळा फार तापते आणि इंजिनाच्या भिंती खाते. तिसरी अडचण आपल्या सर्वांच्या परिचयाची: पाणी गोठते. आणि चौथी म्हणजे वेळ. लहान उपग्रहाच्या पट्ट्यांनी ३० वॉट वीज दिली असे मानले, तर एक लिटर पाणी फोडायला सुमारे दोनशे तास लागतील. ज्याला घाई आहे त्याच्यासाठी हे वाहन नव्हे.

अर्धशतकाची वाट

कल्पना १९६० च्या दशकापासून अमेरिकेतील प्रयोगशाळांत होती. गंमत अशी की अंतराळात प्रथम स्थिरावली ती उलटी क्रिया. ऑगस्ट १९६५ मध्ये जेमिनी-५ ने इंधनघट नेले. अपोलो यानांत त्यांनी वीज दिली आणि अंतराळवीरांना प्यायला पाणीही. म्हणजे ग्रोव्हचे टेबलावरचे कौतुक चंद्राच्या वाटेवर जीवनावश्यक झाले. १९८० च्या दशकात अमेरिकेच्या नियोजित ‘फ्रीडम’ स्थानकाच्या आराखड्यात पाण्यापासून मिळवलेल्या हायड्रोजन-ऑक्सिजनवर स्थानक ढकलण्याचा विचार झाला, आणि पुढे खर्च कमी करण्याच्या ओघात हायड्राझीनने त्याची जागा घेतली. नवे तंत्र आवडते सर्वांना, पण जोखीम घेताना जुने विषच बरे वाटते.

दरम्यान अपघटन अंतराळात रोजच्या वापरात आले ते श्वासासाठी. रशियाच्या ‘मीर’ स्थानकावर, आणि पुढे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर, ‘इलेक्ट्रॉन’ नावाचे यंत्र पाणी फोडून ऑक्सिजन देई. नासाने आपले असे यंत्र २००६ मध्ये तेथे पाठवले. सुरुवातीला हायड्रोजन सरळ बाहेर सोडून दिला जाई. श्वासाला त्याचा उपयोग नाही, आणि ढकलण्याचे काम दुसऱ्याकडे होते.

लहान उपग्रहांचे युग आले तेव्हा कुठे पाण्याच्या इंजिनाचे दिवस पालटले. मोठ्या अग्निबाणावर दुसऱ्याच्या महागड्या उपग्रहाशेजारी बसून जाणाऱ्या बुटाच्या खोक्याएवढ्या उपग्रहाला विषारी किंवा स्फोटक इंधन नेऊ दिले जाणे अवघड असते. पाण्याला कोण हरकत घेणार? २४ जानेवारी २०२१ रोजी नासाचा पीटीडी-१ हा उपग्रह अपघटनावर चालणारे ‘हायड्रॉस’ इंजिन घेऊन कक्षेत गेला. जपानच्या ‘इक्विलियस’ या छोट्या यानाने नोव्हेंबर २०२२ मध्ये आर्टेमिस-१ बरोबर निघून पाण्याच्या बळावर चंद्राजवळून आपला मार्ग वळवला. त्यात पाणी फोडले जात नव्हते, नुसते वाफ करून सोडले जात होते, पण पाणी हे प्रणोदक म्हणून चालते हे त्याने दाखवले. आपल्या इस्रोने १ जानेवारी २०२४ च्या पीएसएलव्ही-सी५८ उड्डाणात, उरलेल्या चौथ्या टप्प्यावर हायड्रोजन-ऑक्सिजनचा इंधनघट चालवून १८० वॉट वीज मिळवली. ही ग्रोव्हचीच दिशा.

बिलगाव

आता नंदुरबारकडे वळू. १८० वॉट अंतराळात मिळाले याची बातमी होते. १५ किलोवॉट सातपुड्याच्या एका कपारीत मिळाले, त्याची कथा थोडी वेगळी आहे.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. त्याच्या दक्षिणेला तापी, उत्तरेच्या सीमेवर नर्मदा, आणि मध्ये सातपुडा. अक्राणी व अक्कलकुवा हे दोन तालुके त्या डोंगरात वसलेले. गाव म्हणजे एका जागी दाटलेली घरे नव्हेत, तर टेकाडाटेकाडांवर विखुरलेले पाडे. या भागातील बिलगाव उदय नदीच्या काठी आहे. ती पुढे नर्मदेला मिळते. तारा खांबांवरून तेथे येण्याची वाट न पाहता, २००३ च्या जानेवारीत गावकऱ्यांनी स्वतःच्या धबधब्याची वीज केली. नर्मदा बचाव आंदोलनाची संघटना, केरळमधील पीपल्स स्कूल ऑफ एनर्जीच्या तरुण अभियंत्यांचे तंत्र, परदेशस्थ भारतीयांच्या एका संस्थेची मदत आणि गावाचे श्रमदान यांतून हा १५ किलोवॉटचा प्रकल्प उभा राहिला. वळवलेले पाणी, पडणारा नळ, त्याच्या टोकाशी फिरणारे टर्बाइन: यात नवे काही नाही. नवे होते ते असे की, मीटर वाचायला येणारा माणूस गावाचाच होता.

आशुतोष गोवारीकर यांचा ‘स्वदेस’ २००४ च्या डिसेंबरमध्ये आला. त्यातील गावाने वीज निर्माण करण्याच्या प्रसंगामागे बिलगावची प्रेरणा असल्याचे सांगितले जाते. चित्रपटातील गाव दिसते ते आपल्याच वाईजवळच्या मेणवलीचे. त्याचा नायक मोहन भार्गव नासात काम करतो, आणि त्याचा प्रकल्प काल्पनिक नाही: पृथ्वीवरचा पाऊस मोजणाऱ्या जीपीएम उपग्रहाचा. हा उपग्रह खरोखरच २०१४ च्या फेब्रुवारीअखेर जपानमधून एच-२ए अग्निबाणावर गेला. त्या अग्निबाणाचे मुख्य इंजिन द्रवरूप हायड्रोजन आणि ऑक्सिजन जाळते. म्हणजे पाऊस मोजणारा उपग्रह पाण्याच्या वाफेच्या झोतावर वर चढला. कक्षेत गेल्यावर मात्र त्याचा कारभार हायड्राझीनवर. पटकथाकाराला हे सर्व ठाऊक असो वा नसो, चित्रपटाच्या दोन टोकांना पाणीच उभे आहे.

या दोन पाण्यांची तुलना आम्ही केवळ अलंकार म्हणून करत नाही. बिलगावचे यंत्र पूर्ण शक्तीने चोवीस तास चालले, तर ३६० युनिटे देईल. तेवढ्यात साठेक लिटर पाणी फुटेल; चार हंडे. अंतराळयानाच्या दृष्टीने हा मोठाच साठा. पण त्याच विजेवर पाड्यापाड्यांतील शेकडो घरांत दिवे लागतात. ऊर्जा तीच, प्रश्न तिला कोणत्या कामाला जुंपायचे एवढाच, आणि तो प्रश्न भौतिकशास्त्र सोडवत नाही.

तो कसा सोडवला जातो, ते बिलगावने फार लवकर पाहिले. नर्मदा जलविवाद लवादाने १९७९ मध्ये नदीच्या पाण्याची वाटणी केली. मध्य प्रदेशाला १८.२५, गुजरातला ९, राजस्थानला ०.५ आणि महाराष्ट्राला ०.२५ दशलक्ष एकर-फूट. सरदार सरोवराच्या विजेत महाराष्ट्राचा हिस्सा २७ टक्के ठरला. त्या लवादापुढे पक्षकार होती ती राज्ये; नदीकाठचे पाडे नव्हते. महाराष्ट्रातील ३३ गावे जलाशयात जाणार होती, सगळी अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील; त्यांत पहिले मणिबेली. ऑक्टोबर २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बांधकामाला परवानगी दिली. भिंत २००४ मध्ये ११०.६४ मीटर झाली, २००६ मध्ये १२१.९२ मीटर. त्याच २००६ च्या पावसाळ्यात जलाशयाचे फुगलेले पाणी उदयच्या खोऱ्यात शिरले आणि बिलगावचे वीजघर बुडाले. १४५० मेगावॉटच्या विजेने १५ किलोवॉटच्या विजेला गिळले. २०१७ मध्ये १३८.६८ मीटरच्या भिंतीचे लोकार्पण झाले, आणि २०१९ च्या सप्टेंबरमध्ये जलाशय प्रथमच काठोकाठ भरला.

धरणाने कच्छ-सौराष्ट्रापर्यंत प्यायला पाणी नेले, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. तळोद्याच्या वनजमिनीवर आणि इतरत्र ज्यांचे पुनर्वसन झाले, त्यांच्यातही सगळ्यांचे मत एक नाही. आमचा मुद्दा त्याहून मर्यादित आहे. मायरच्या गाडीत जी लबाडी होती ती ऊर्जेच्या जमाखर्चातली: वीज कुठून आली हे लपवायचे आणि पाण्याने गाडी चालली असे म्हणायचे. मोठ्या योजनांच्या गौरवात असाच एक खर्च नजरेआड राहतो. वीज आली असे म्हणायचे, आणि ती कोणत्या दिव्याच्या बदल्यात आली ते सांगायचे नाही.

चंद्रावरचे पाणी

हा जुना हिशेब आता नव्या वहीत चढतो आहे. २२ ऑक्टोबर २००८ रोजी निघालेल्या चांद्रयान-१ वरील ‘मून मिनरॉलॉजी मॅपर’ या नासाच्या उपकरणाने चंद्राच्या पृष्ठभागावर पाण्याच्या खुणा टिपल्या, आणि सप्टेंबर २००९ मध्ये ते जगाला कळले. त्याआधी १४ नोव्हेंबर २००८ रोजी दक्षिण ध्रुवाजवळ आदळलेल्या भारतीय अन्वेषकालाही उतरताना तशी चिन्हे मिळाली होती. ऑक्टोबर २००९ मध्ये नासाने कॅबियस विवरात एक टप्पा आदळवला आणि उसळलेल्या धुरळ्यात बर्फ व बाष्प सापडले. २०१८ मध्ये चांद्रयान-१ च्याच नोंदींच्या अभ्यासातून ध्रुवीय विवरांच्या कायम सावलीत उघडा बर्फ असल्याचे दाखवण्यात आले.

तेव्हापासून चंद्राचे पाणी हा विज्ञानाबरोबर व्यवहाराचाही विषय झाला. पृथ्वीवरून पाणी वर नेणे भयंकर महाग. चंद्राचे गुरुत्व लहान. तेथेच बर्फ काढावा, उन्हाच्या विजेने फोडावा, आणि पुढल्या प्रवासाचे इंधन तेथेच भरावे, असे बेत आहेत. निकल्सन-कार्लाइलचा प्रयोग चंद्रावर करायचा, एवढीच ती कल्पना.

कायदा याबद्दल संदिग्ध आहे. १९६७ च्या अंतराळ कराराने कोणत्याही राष्ट्राला चंद्रावर मालकी सांगता येत नाही. १९७९ च्या चंद्र कराराने तेथील संपत्ती मानवजातीचा सामाईक वारसा ठरवली. भारताने त्यावर १९८२ मध्ये सही केली, पण अनुसमर्थन केले नाही. २०१५ मध्ये अमेरिकेने आपल्या नागरिकांना अंतराळात काढलेल्या द्रव्यावर हक्क देणारा कायदा केला. आणि आर्टेमिस करार, ज्यात भारत जून २०२३ मध्ये सामील झाला, असे मानतो की चंद्रावरचे द्रव्य काढणे म्हणजे आपोआप चंद्रावर मालकी सांगणे नव्हे. शिवाय काम चालू असलेल्या जागेभोवती ‘सुरक्षा क्षेत्र’ राखण्याचीही त्यात सोय आहे. जमीन कुणाची नाही, पण उपसलेले पाणी उपसणाऱ्याचे. ही भाषा नर्मदाकाठच्या माणसाला अगदीच अनोळखी वाटू नये.

चंद्रावर बिलगाव नाही, हे खरे. तेथे कुणी विस्थापित होणार नाही. पण तेथेही जागा मोजक्याच आहेत: कायम सावलीतली विवरे थोडी, आणि त्यांना लागून असलेले, जवळजवळ वर्षभर ऊन मिळणारे कडे त्याहून थोडे. बर्फ आणि ऊन दोन्ही एकत्र असतील तेथेच हे यंत्र चालेल, आणि जो आधी पोचेल त्याचे सुरक्षा क्षेत्र आधी आखले जाईल.

आणखी एक फरक आहे, आणि तो आम्हाला अधिक अस्वस्थ करतो. उदय नदीचे पाणी टर्बाइन फिरवून खाली गेले तरी संपत नव्हते. पुढच्या ज्येष्ठ-आषाढात तेच पाणी ढगांतून सातपुड्यावर परत येई. पाणी वापरूनही उरते, हा पृथ्वीवरच्या जलचक्राचा मोठेपणा. अग्निबाणाच्या झोतातून सेकंदाला तीन-चार किलोमीटर वेगाने बाहेर फेकलेली वाफ मात्र चंद्र धरून ठेवू शकत नाही. त्याच्या पकडीतून सुटायला सेकंदाला २.४ किलोमीटर पुरतात. कोट्यवधी वर्षे सावलीत साचलेला बर्फ एकदा जाळला की गेला. तेथे पावसाळा नाही.

म्हणून पाण्याच्या अग्निबाणाचे कौतुक करताना तीन गोष्टी एकत्र मोजल्या जाव्यात असे आम्हाला वाटते: पाणी किती, ते फोडणारी वीज कुठली, आणि ते पाणी घेण्याचा अधिकार कुणी कुणाला दिला. पहिल्या दोन गोष्टींचे उत्तर फॅरडेपासून आपल्याला नीट देता येते. तिसरीचे उत्तर १९७९ च्या लवादात नंदुरबारच्या पाड्यांना न विचारता लिहिले गेले. चंद्राच्या बाबतीत ते अजून लिहिले जायचे आहे, आणि ज्यांच्या यानाने ते पाणी शोधायला मदत केली त्या देशाचे नागरिक म्हणून आपण त्या वेळी पक्षकार असू की नुसते काठावरचे, हे ठरवायला फार वर्षे उरलेली नाहीत.